तीन दिवसांचे गाव
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत राजाजीनगर, बंगळूर येथे दिलेले भाषण)



आमच्या चिटणीसांनी कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘इटलीतील तीन दिवस’ असा विषय छापला आहे. तो मी नाकारीत नाही. मात्र बोलण्याच्या ओघात मी अर्ध्या वाटेवर इटली सोडून कावेरीकाठी उतरणार आहे, ही गोष्ट आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाची फसगत व्हावयास नको.

प्रथम सायकलीविषयी दोन शब्द. १९७९ साली मी नोकरीनिमित्त राजाजीनगरात आलो, तेव्हा येथील औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सायकलीवरून जात असे. सकाळच्या पाळीला निघालेल्या कामगारांची रांग, प्रत्येकाच्या हँडलला लोंबणारा जेवणाचा डबा आणि वाटेवरच्या उपाहारगृहांतून येणारा डोशांचा वास. बंगळूर मला प्रथम कळले ते असे. कोणत्या गल्लीत पिठाची गिरणी आहे, कोठे चढ लागतो, कोणत्या घरात पहाटे वीणा वाजते, हे सायकलीवरच्या माणसाला कोणाला विचारावे लागत नाही. पुढे स्कूटर आली, मग मोटार आली, आता मेट्रो डोक्यावरून जाते. सोय झाली खरी, पण शहर दिसेनासे झाले.

म्हणून बोलोन्या येथे नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने सप्टेंबर २०२३ मध्ये आम्हां उभयतांस बोलाविले, तेव्हा मी त्याला एकच अट घातली. नऊ दिवसांत सात शहरे दाखविणाऱ्या सहलीत आम्हांला घालू नकोस. एकच गाव दाखव, पण सायकलीवरून दाखव. त्याने फेराराचे नाव सुचविले. मी ते पूर्वी ऐकले नव्हते. आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले नसेल, असे मी धरून चालतो.

फेरारा हे बोलोन्या आणि व्हेनिस यांच्या दरम्यान, पो नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. भूमी ताटासारखी सपाट. इटलीत त्याला सायकलींचे शहर म्हणूनच ओळखतात. सत्तरी ओलांडलेल्या आजीबाई गळ्यात मोत्यांचा सर घालून, पुढच्या टोपलीत भाजी ठेवून, ताठ बसून सायकल चालवितात आणि घंटी वाजविण्याचीही तसदी घेत नाहीत. ते पाहून आमच्या सौभाग्यवतींनी चाळीस वर्षांनंतर सायकलीला हात लावला. पहिल्या अर्ध्या तासात त्या दोन वेळा पडता पडता वाचल्या. त्यानंतर मला त्यांना गाठता आले नाही.

गावाभोवतीची सुमारे नऊ किलोमीटरची जुनी तटबंदी अजून उभी आहे आणि तिच्या माथ्यावरून, झाडांच्या सावलीतून सायकलीची वाट जाते. पहिल्या सकाळी आम्ही देवळाला घालावी तशी गावाला प्रदक्षिणा घातली. मध्यभागी एस्ते घराण्याचा विटांचा किल्ला आहे. १३८५ साली त्याचे बांधकाम सुरू झाले. त्याच्या खंदकात आजही पाणी आहे. याच घराण्यातील एर्कोले नावाच्या ड्यूकने १४९२ पासून बियाजो रोस्सेत्ती या वास्तुकाराकडून गाव आखून जवळजवळ दुप्पट वाढविले. त्या नव्या भागात एक वाडा आहे. त्याच्या दर्शनी भिंतींना साडेआठ हजारांच्या आसपास दगड असे बसविले आहेत की प्रत्येक दगड पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखा पुढे आलेला आहे. सकाळच्या कलत्या उन्हात सायकलीवरून हळूहळू त्यापुढून जावे. भिंतीवरची सावली आपल्याबरोबर चालू लागते. मोटारीतून जाणाऱ्याला हे दिसावयाचे नाही.

परंतु मला वेड लावले ते ‘स्किफानोइया’ने. या शब्दाचा अर्थच मुळी ‘कंटाळा टाळणारा’ असा होतो. ड्यूकांचा तो विश्रांतीचा वाडा. त्यातील एका दालनात १४७० च्या सुमारास बारा महिन्यांची चित्रे भिंतींवर काढलेली होती. त्यांतील उत्तम ती फ्रांचेस्को देल कोसा या चित्रकाराची. मजुरी फुटाच्या हिशेबाने, हलक्या चित्रकारांच्या बरोबरीने मिळते, अशी त्याने ड्यूककडे लेखी तक्रार केली होती. ती मान्य झाली नाही आणि तो बोलोन्यास निघून गेला. पुढे त्या भिंतींवर चुना फासला गेला. एकोणिसाव्या शतकात चुना खरवडला, तेव्हा बारांपैकी साधारण सात महिने हाती लागले.

प्रत्येक महिन्याच्या मधल्या पट्ट्यात तीन गूढ आकृती आहेत. मार्च महिन्यात पांढरी फाटकी वस्त्रे नेसलेला, कमरेला दोर बांधलेला एक काळा पुरुष उभा आहे. हा कोण, हे कोणालाच सांगता येईना. १९१२ साली आबी वारबुर्ग या जर्मन पंडिताने रोम येथील परिषदेत त्याचा उलगडा केला. आपल्या ज्योतिषात राशीचे तीन भाग करून त्यांना द्रेष्काण म्हणतात. मेषेच्या पहिल्या द्रेष्काणाचा, कमरेला पांढरे वस्त्र गुंडाळलेला काळा पुरुष वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त वर्णिला आहे. तोच अरबी ग्रंथांतून आणि त्यांच्या लॅटिन भाषांतरांतून प्रवास करीत फेराराच्या भिंतीवर येऊन उभा राहिला! आमच्या सौभाग्यवती त्याच्याकडे बराच वेळ पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, “इतक्या लांब येऊन भेटला तो आपलाच माणूस.”

आता भोजन. फेराराचा पाव चार शिंगांचा, पिळा घातलेला असतो. मांसाहारी मंडळींसाठी तेथे पुष्कळ काही आहे. आम्ही शाकाहारी, म्हणून आमच्या वाट्याला आले ते ‘कापेल्लाच्ची’. पिठाच्या पातळ पारीत तांबड्या भोपळ्याचे सारण भरून, टोपीसारखा आकार देऊन उकडतात आणि वर लोणी घालतात. सारण गोडसर, त्यात किसलेले चीज आणि जायफळाचा वास. भोपळ्याचे घारगे आणि उकडीचा मोदक यांचा विवाह लावावा तसा तो प्रकार. ड्यूकच्या मुदपाकखान्याचा कारभारी क्रिस्तोफोरो मेस्सिस्बुगो याचे मेजवान्यांवरील पुस्तक १५४९ साली प्रसिद्ध झाले. ज्या दरबारी चित्रकाराच्या मजुरीची घासाघीस झाली, त्याच दरबाराने पाककृती मात्र नीट नोंदवून ठेविल्या, ही मौज आहे.

तिसऱ्या दिवशी किल्ल्यात आम्ही या घराण्याचा शेवट वाचला. १५९७ साली दुसरा अल्फोन्सो ड्यूक निपुत्रिक वारला. वारस नाही असे म्हणून पोपने १५९८ साली फेरारा आपल्या राज्यास जोडून घेतले, आणि एस्ते मंडळी ग्रंथ व चित्रे घेऊन मोदेना गावी गेली. ती पाटी वाचून सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, हे तर तंजावरच झाले.”

खंदकाचा किल्ला, कलावंत राजे, राजवाड्यातील पाकशास्त्राचे पुस्तक, रंगाखाली दडलेली चित्रे आणि शेवटी औरस पुत्र नाही म्हणून खालसा झालेले राज्य: सारेच जुळत होते. जुळत नव्हती एवढीच गोष्ट की फेरारा आम्ही पाहिले होते आणि तंजावर पाहिले नव्हते. चव्वेचाळीस वर्षे बंगळुरात राहून, एका रात्रीच्या प्रवासावरचे तंजावर! त्या खंदकाच्या कठड्याशी मला मनापासून लाज वाटली.

आणि नाते तरी किती जवळचे! येथून पलीकडे मल्लेश्वरम्‌ला काडु मल्लेश्वराच्या देवळात आपण सर्व जातो. त्या देवाला एकोजीराजांनी गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख तेथे आहे. शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीवर असलेले हेच एकोजी, म्हणजे शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी, पुढे दक्षिणेत उतरले आणि १६७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. १६८७ साली बंगळूर भोसल्यांच्या हातून गेले. तंजावर मात्र १८५५ पर्यंत राहिले. तंजावरचे मराठी राज्य हे या अर्थाने बंगळुराहून निघालेले आहे. आपण त्या वाटेने जात नाही, एवढेच.

डिसेंबर २०२४ मध्ये, नातीच्या नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघे गेलो. नात बारा वर्षांची. मैसूरुहून येणारी गाडी संध्याकाळी बंगळूर सोडते आणि पहाटे तंजावरला उतरविते. भाड्याच्या सायकली तेथे आता सहज मिळत नाहीत. एका दुरुस्तीच्या दुकानदाराने दोन दिवस विचार करावा तसा चेहरा करून अखेर तीन सायकली दिल्या. नातीच्या सायकलीची चेन दर तासाला उतरत असे. तो मार्गळी महिना. दारोदारी पहाटे रांगोळ्या घातलेल्या, आणि त्यांच्या मधोमध शेणाच्या गोळ्यात खोवलेले भोपळ्याचे पिवळेधमक फूल. फेरारात भोपळा पानात आला होता, येथे तो उंबऱ्याशी भेटला.

बृहदीश्वराचे वर्णन मी करीत नाही. राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेले, दोनशे फुटांहून उंच विमानाचे ते देऊळ शब्दांत बसविण्याची माझी पात्रता नाही. एकच सांगतो. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या बोळात नायक राजांच्या काळातील चित्रांखाली चोळांची मूळ चित्रे दडली आहेत, हे १९३१ साली एस. के. गोविंदस्वामी यांच्या ध्यानात आले. तेथे सर्वांना प्रवेश नसतो. त्यांच्या प्रतिकृती आवारात पाहावयास मिळतात. फेरारात चुना निघाला. येथे मात्र वरचे चित्रही मोलाचे आणि खालचेही, म्हणून पेच अधिक अवघड.

आपल्या लोकांनी जे अवश्य पाहावे, ते नैर्ऋत्येच्या बाजूला आहे. दुसरे सरफोजीराजे यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास येथील भिंतींवर कोरविला. लिहिणारे बाबूराव चिटणीस. भाषा मराठी, लिपी देवनागरी, आणि लांबी इतकी की ओळींमागून ओळी संपता संपत नाहीत. तमिळ देशातल्या चोळांच्या देवळात ही मराठी बखर उभी आहे, आणि लोक तिच्या सावलीत बसून दहीभात खातात. आमच्या नातीची शाळा इंग्रजी, मैत्रिणींशी बोलणे कानडी. देवनागरी ती हिंदीच्या तासाला शिकली. तिने बोट फिरवीत मोठ्याने वाचावयास सुरुवात केली. जोडाक्षरांपाशी अडखळे, शब्द कोठे तोडावा हे कळेना; पण वाचीत राहिली. पाठीमागे एक वृद्ध गृहस्थ येऊन उभे राहिल्याचे आम्हांला कळले नाही. तिने एक नाव चुकीचे वाचले, तेव्हा त्यांनी ते हळूच दुरुस्त करून सांगितले, मराठीत.

त्यांच्याविषयी पुढे बोलेन. आधी राजवाडा. तेथील कलादालनात तिरुवेंकाडूहून आणलेली वृषवाहन शिवाची १०११ सालची पंचधातूची मूर्ती आहे. जटांचे मुंडासे बांधलेला, पाय दुमडून डौलात उभा असलेला शिव ज्या नंदीवर हात टेकून आहे, तो नंदी आता नाही. तो नसल्यामुळे हात मोकळ्या हवेवर विसावलेला दिसतो, आणि मला तरी नंदी नाही हेच बरे वाटले. शेजारीच सरस्वती महाल ग्रंथालय. नायक राजांनी आरंभिलेल्या या संग्रहाला सरफोजीराजांनी आजचे वैभव दिले. १९१८ साली तो सर्वांसाठी खुला झाला. हजारो हस्तलिखिते, त्यांत मराठीच तीन हजारांच्या घरात, शिवाय मोडी कागदांची दफ्तरे निराळी. सरफोजींना श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याने शिकविले होते. त्याचे संगमरवरी स्मारक राजांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून घडवून घेतले. तेही शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये पाहता येते. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे राजवाड्यातील पाककृतींचे मराठी पुस्तक याच संग्रहातले. एस्ते घराणे राज्य गमावल्यावर ग्रंथ घेऊन गेले. भोसल्यांचे राज्य गेले, ग्रंथ जागेवर राहिले.

याच घराण्यातील शहाजीराजांनी, म्हणजे एकोजींच्या पुत्रांनी, विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’पूर्वी सुमारे दीडशे वर्षे मराठी नाटके रचली. त्यांच्या ‘पंचभाषाविलासा’त पात्रे पाच भाषांत बोलतात. राजाजीनगरातील कोणत्याही मराठी घरात सकाळी आठ वाजता हे नाटक चालू असते, त्याला तिकीट नाही.

चित्रकाराच्या घरीही आम्ही एक दुपार घालविली. फणसाच्या फळीवर कापड चिकटवावयाचे, त्यावर खडूची भुकटी आणि डिंक यांचे लेप द्यावयाचे, दागिने व महिरपी उठावाने काढावयाच्या, त्यांवर सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे, रंग शेवटी. मराठी राजवटीत ही कला बहरली. कृष्णाचे गाल इतके गुबगुबीत का, असे नातीने विचारले. चित्रकार म्हणाला, लोण्याचा खर्च कोठेतरी दिसावयास हवा.

दुसऱ्या पहाटे आम्ही तिरुवैयारूला निघालो. अंतर सुमारे तेरा किलोमीटर, आणि वाटेत पाच नद्या: वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि शेवटी स्वतः कावेरी. गावाचे नावच मुळी पाच नद्यांचे. दोन्ही अंगांना भाताची हिरवी खाचरे, पुलांवर धुके, बगळे, आणि प्रत्येक पुलावर नातीची चेन. पोचावयास पावणेदोन तास लागले; मोटारीने अर्धा तास लागला असता आणि पाच नद्या हा एक आकडाच राहिला असता. कावेरीच्या काठी त्यागराजांची समाधी आहे. १९२० च्या दशकात तिच्यावर मंदिर उभारले ते बंगळूर नागरत्नम्मांनी, स्वतःची पुंजी वेचून. आपल्या गावाचे नाव तेथे अशा रीतीने आहे. समाधीजवळच्या दुकानातून गरम ‘अशोक’ घेतला. मुगाच्या डाळीचा केशरी हलवा, तूप पानावरून ओघळणारे. सौभाग्यवतींनी दोनदा घेतला आणि परत जाताना सायकल जड झाल्याची तक्रार केली.

तंजावरच्या स्वयंपाकाविषयी एक कथा सर्वांना ठाऊक असते. संभाजीराजे पाहुणे आले, आमटीला आमसूल नव्हते, म्हणून चिंच घातली आणि सांबार जन्मले! कथा म्हणून ती गोड आहे. मला मात्र अधिक पटले ते ‘रसवांगी’ हे नाव. वांगी, हरभऱ्याची डाळ आणि खोबरे यांची ती भाजी तमिळ घरांत रोज शिजते. नाव उच्चारताच मराठी कान टवकारतात.

ती रसवांगी आम्ही त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी जेवलो. डांगर होते, मेतकूट होते. त्यांचे पूर्वज राजदरबारी लेखक होते. घर तंजावरात दोनशे वर्षांहून अधिक. त्यांचे मराठी कानाला प्रथम अनोळखी वाटते, मग लक्षात येते की आपल्या पणजीच्या तोंडी असावेत असे शब्द ते बोलत आहेत. मुलगा चेन्नईला, सून तमिळ. नातवंडांना मराठी कळते, बोलवत नाही. हे त्यांनी तक्रारीने सांगितले नाही. जेवण झाल्यावर त्यांनी तांबड्या फडक्यात बांधलेले एक दफ्तर आणून माझ्यापुढे ठेविले. घरचे कागद, सारे मोडीत. त्यांच्या वडिलांना वाचता येत असे, त्यांना येत नाही. “तुम्ही देशावरचे,” ते म्हणाले, “तुम्हांला लागेल.”

मंडळी, मला एक अक्षर लागले नाही. माझे वडील मोडीत जमाखर्च लिहीत. त्यांच्या पश्चात आमच्या साताऱ्याकडच्या घरातील वह्या मी स्वतः रद्दीत घातल्या; घर लवकर रिकामे करावयाचे होते आणि बंगळूरची परतीची गाडी रात्रीची होती. हे मी त्यांना सांगितले. त्यांनी काही न बोलता फडके पुन्हा बांधले. मग नातीने विचारले, पहिल्या कागदाचे छायाचित्र काढू का? त्यांनी ते आनंदाने काढू दिले.

त्यानंतर दर रविवारी सकाळी आम्ही आजोबा-नात मोडीची बाराखडी गिरवितो. तिचा हात माझ्यापेक्षा लवकर वळला आहे. त्या कागदावरचे सहा शब्द आतापर्यंत लागले. त्यांतील एक ‘तूप’ आणि एक ‘खंडी’ आहे, याविषयी आमचे एकमत आहे. चौथ्या ओळीतील एका शब्दावरून मात्र गेले तीन आठवडे वाद चालू आहे. तो कागद मी आज मोठा छापून आणला आहे. आपल्यापैकी कोणास, किंवा कोणाच्या घरी वडीलधाऱ्यांस मोडी येत असेल, तर त्यांनी चहाच्या वेळी मला अवश्य भेटावे. मी येथे डाव्या हाताच्या दाराशी, सायकलीजवळ उभा आहे.